तांड्याचा राखणदार आणि श्वानपालकांची सहल

रविवारी सकाळी पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर किंवा शहराबाहेरच्या शेतघरावर एक वेगळीच सहल भरलेली दिसते. जमलेली माणसे एकमेकांच्या नात्यातली नसतात, एका कचेरीतली नसतात, एका सोसायटीतलीही नसतात. प्रत्येकाच्या हातातल्या पट्ट्याला एकाच जातीचा कुत्रा असतो, एवढेच त्यांच्यात समान असते. कुठे लॅब्रॅडॉर, कुठे बीगल, तर कुठे पग. सतरंज्या पसरल्या जातात, डबे उघडले जातात आणि गप्पा सुरू होतात त्या मुलांच्या शाळांवरून नव्हे, तर 'तुमचा रात्री काय खातो?' या प्रश्नावरून.

वरवर पाहता ही शहरी हौस वाटते आणि ती थोडीफार आहेही. पण एका जातीच्या कुत्र्यांच्या पालकांनी एकत्र येण्याला एक जुने आणि गंभीर कारण आहे. ते समजून घ्यायचे असेल, तर विदर्भातल्या एका तीर्थस्थळी जायला हवे. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे ते ठिकाण. तेथे सहल भरत नाही, यात्रा भरते आणि तीही माणसांची. मात्र ज्या समाजाची ती यात्रा, त्याच समाजाच्या नावाने एकेकाळी भारतातला एक नामांकित कुत्रा ओळखला जात असे. आज तो कुत्रा कुठे आहे, या प्रश्नाच्या उत्तरातच अशा सहलींचे प्रयोजन दडलेले आहे.

जात म्हणजे काय?

एकटा कुत्रा कितीही देखणा असला, तरी त्या एकट्याने जात होत नाही. पिढ्यान् पिढ्या सारखी अंगकाठी, सारखा स्वभाव आणि सारखे गुण पिल्लांमध्ये उतरत राहिले, तरच आपण त्या समूहाला जात म्हणतो. हे आपोआप घडत नाही. कोणत्या कुत्रीला कोणता नर द्यायचा, कोणती पिल्ले पुढच्या पिढीसाठी राखायची, हे माणूस ठरवत असतो. म्हणून जात टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात. कुत्र्याला काही ठरलेले काम हवे, ते काम ओळखणारी माणसे हवीत आणि त्या माणसांकडे कोण कोणाचे पिल्लू याची नोंद हवी. ही नोंद कागदावर असो वा स्मरणात, पण ती असायला हवी.

गोल्डन रिट्रीव्हर या लोकप्रिय कुत्र्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गूशागन या जहागिरीत १८६८ मध्ये, पुढे लॉर्ड ट्वीडमथ या नावाने ओळखल्या गेलेल्या जमीनदाराने नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल कुत्री यांचा संकर घडवून आणला. बंदुकीने पाडलेला पक्षी पाण्यातून वा झुडपातून अलगद तोंडात धरून आणणे, हे त्या कुत्र्यांचे काम. या संकरातून झालेल्या पिल्लांची आणि त्यांच्या पुढच्या वंशाची नोंद त्या घराण्याने वहीत करून ठेवली होती. ही वही १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जातीच्या उगमाविषयीच्या अनेक दंतकथा निकालात निघाल्या. आज गूशागनच्या वाड्याच्या केवळ भिंती उरल्या आहेत. तरीही जगभरचे गोल्डन रिट्रीव्हरचे पालक तेथे वेळोवेळी जमतात. जातीला दीडशे वर्षे झाली त्या २०१८ सालच्या मेळाव्यात ३६१ कुत्री त्या पडक्या वाड्यासमोर एकत्र बसली होती. या सोहळ्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी अशी आहे. बेल ज्या ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची होती, ती जात मात्र आज नामशेष झाली आहे.

आपल्याकडच्या श्वानपालकांनी आपल्या मातीतल्या कुत्र्यासाठी असे एखादे ठिकाण शोधायचे ठरवले, तर बंजारा कुत्र्यापुरती ती वाट पोहरादेवीला येऊन थांबते.

पोहरादेवी आणि तांडा

पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी मानली जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर येथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र प्रदेश, कर्नाटक अशा अनेक राज्यांतून भाविक येतात. समाजाचे धर्मगुरू रामराव महाराज यांचे २०२० मध्ये निधन झाले. समाजाचा वारसा मांडणाऱ्या, नगाऱ्याचे नाव धारण करणाऱ्या वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे झाले.

बंजारा म्हणजे मुळात वाटेवरचा समाज. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्यापूर्वी धान्य, मीठ आणि इतर माल देशाच्या एका टोकाकडून दुसरीकडे पोहोचवण्याचे काम त्यांच्या बैलांच्या पाठीवर होत असे. या व्यापाराला 'लदेणी' म्हणत. लमाण हे नाव लवण म्हणजे मीठ या शब्दावरून आले, असे सांगितले जाते. सतराव्या शतकात भारतात आलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये वाटेत धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटला होता. फ्रेंच जवाहिर टॅव्हर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. मोठमोठ्या फौजांची रसद या तांड्यांवर अवलंबून असे.

असा तांडा रात्री मुक्कामाला थांबला म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करावी. गोण्या उतरवून त्यांची थप्पी लावलेली, बैल चरायला सोडलेले, आजूबाजूला अनोळखी मुलूख. नायकाकडे तांड्याची सूत्रे असली, तरी एवढ्या जनावरांवर आणि मालावर माणसांनी रात्रभर नजर ठेवणे अशक्यच. चोर आणि वाघ-लांडगे दोघांनाही अंधाराचीच वाट असायची. येथे कुत्र्याचे काम सुरू होई. दिवसभर बैलांबरोबर चालायचे, वाटेत जमल्यास शिकार साधायची आणि रात्री मालाभोवती जागत राहायचे. परक्या माणसाला जवळ येऊ न देणे हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

हा कुत्रा कसा होता, याची माहिती आज प्रामुख्याने जुन्या इंग्रजी लेखनातून मिळते. इंग्रज लेखक बंजाऱ्यांना 'ब्रिंजारी' म्हणत आणि त्यांच्या कुत्र्याचाही त्याच नावाने उल्लेख करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका श्वानग्रंथातील वर्णनानुसार हा कुत्रा खांद्याशी सुमारे २८ इंच उंच, बहुधा काळा आणि त्यावर राखाडी वा निळसर छटा असलेला असे. केस खरखरीत पण रेशमी. कान, पाय आणि शेपूट झुपकेदार. इराणी ग्रेहाउंडशी त्याचे साम्य दिसे. मात्र बांधा त्याहून दणकट आणि जबडा अधिक रुंद. वेग बेताचा, पण दिवसभर धावण्याची ताकद आणि घ्राणेंद्रिय तीक्ष्ण. परक्या माणसांशी त्याचे जमत नसे, असेही त्या लेखकाने आवर्जून नोंदवले आहे. तांड्याचे जीवन लक्षात घेतले, तर या वर्णनातला प्रत्येक गुण त्याच्या कामाशी जुळतो. रोजच्या वाटचालीत जोराच्या धावेपेक्षा चिवटपणा उपयोगी पडतो आणि उघड्यावरच्या थंडीत केसांची ऊब हवीच.

गळ्यातली चिठ्ठी

या कुत्र्याच्या इमानाची एक कथा मध्य भारतात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. एका बंजाऱ्यावर दुष्काळात कर्ज घ्यायची वेळ आली. तारण ठेवायला काहीच नव्हते, म्हणून त्याने आपला कुत्रा सावकाराकडे ठेवला. काही दिवसांनी सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कुठे लपवला, हे कुत्र्याने पाहिले होते. त्याने सावकाराला ती जागा दाखवली. सावकाराने खूश होऊन कर्ज फिटल्याची चिठ्ठी लिहिली, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मालकाकडे सोडून दिले. आपला कुत्रा तारण मोडून पळून आला, असे समजून बंजाऱ्याने संतापाच्या भरात त्याच्या डोक्यात काठी घातली. कुत्रा मेल्यावर त्याला गळ्यातली चिठ्ठी दिसली.

छत्तीसगढमधील बालोद जिल्ह्यातल्या खपरी गावचे कुकुरदेव मंदिर याच कुत्र्याच्या स्मरणार्थ असल्याचे लोक मानतात. मंदिराचे बांधकाम नागवंशी राजवटीच्या काळातले सांगितले जाते. त्यामुळे कथेला इतिहासाचा पुरावा म्हणून वापरणे योग्य नाही. परंतु बंजाऱ्याच्या कुत्र्याला सावकारही तारण म्हणून स्वीकारील, असे लोकांना वाटत होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. दागिना नाही, जमीन नाही, बैलही नाहीत, अशा वेळी जो तारण म्हणून चालतो, त्याची किंमत गावोगावच्या लोकांना ठाऊक असली पाहिजे.

तांडा थांबला, कुत्रा हरवला

मग हा कुत्रा गेला कुठे? त्याच्यावर कोणता रोग आला नाही किंवा कोणी त्याचा संहार केला नाही. त्याचे काम संपले. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत लोहमार्गांचे आणि पक्क्या सडकांचे जाळे पसरले. दहा हजार बैल महिनोन् महिने चालून जे धान्य पोहोचवीत, ते आगगाडीने काही दिवसांत जाऊ लागले. लदेणी बसली. त्यातच १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि अनेक भटक्या समाजांबरोबर बंजाऱ्यांवरही तो अन्याय्य शिक्का बसला. ज्यांच्या विश्वासावर मुलखाचा व्यापार चालत होता, त्यांच्याच फिरण्यावर पहारा आला. हा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला. तोवर बहुतेक तांडे गावांच्या कडेला स्थिरावले होते. माणसे शेतीकडे, मजुरीकडे आणि ऊसतोडीकडे वळली. याच समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

चालता तांडा हीच त्या कुत्र्याची सहल होती, हीच त्याची निवडसमिती होती. शेकडो माणसे आणि त्यांची कुत्री वर्षानुवर्षे एकत्र चालत. कोणती कुत्री धाडसी, कोणता नर रात्री जागतो, कोणाची पिल्ले चालताना मागे पडतात, हे साऱ्यांना डोळ्यांसमोर दिसत असे. नोंद कागदावर नव्हती, पण ती तांड्याच्या स्मरणात होती. तांडा एका जागी बसल्यावर हे स्मरण विरत गेले. कुत्री गावातल्या कुत्र्यांत मिसळली. लांब चालणारा, परक्याला फिरकू न देणारा कुत्रा घराघरांच्या वस्तीत उलट अडचणीचा ठरला. तांड्यांवर कुत्री आजही आहेत, परंतु २८ इंची, झुपकेदार शेपटीचा बंजारा कुत्रा ही ओळख पुस्तकाच्या पानात राहिली. गूशागनच्या वाड्यातल्यासारखी वही येथे कोणी लिहिली नव्हती आणि लिहिणार तरी कोण?

कारवानी का टिकला?

याच मुलखातल्या दुसऱ्या एका कुत्र्याचे नशीब वेगळे ठरले. दक्षिण महाराष्ट्र, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटक या पट्ट्यातील कारवानी कुत्रा शहरातल्या वाचकांनाही पाहून माहीत असेल. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि वाऱ्यासारखी धाव. कारवान म्हणजे काफिला. त्याच्याबरोबर आलेला तो कारवानी. या कुत्र्याच्या लांब केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. वासापेक्षा नजरेने सावज हेरणारी ही जात आहे.

मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्याला आश्रय दिला. मालोजीराव घोरपडे यांनी ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना त्याची जोडी भेट दिल्याचे सांगितले जाते. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पण परिसरातील शेतकरी आणि धनगर कुटुंबांनी कुत्रा सोडला नाही. टपाल खात्याने २००५ च्या जानेवारीत देशी कुत्र्यांवरील चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. बागलकोट जिल्ह्यातील तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले. सैन्यदलाने २०१६ मध्ये या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये आकाशवाणीवरील भाषणात देशी जातींचा उल्लेख केला, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापालयम व चिप्पिपराई यांच्यासह मुधोळ हाउंडची देशी जात म्हणून नोंदही केली आहे.

कारवानीचेही जुने काम संपलेच होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि सशामागे कुत्रा सोडणे हाही गुन्हा ठरला. फरक एवढाच, की काम संपले तेव्हा त्याच्यामागे माणसे उभी होती आणि उशिरा का होईना, नोंद सुरू झाली. बंजारा कुत्र्याच्या पाठीशी ना संस्थान होते, ना विद्यापीठ.

सहल कशासाठी, कशी?

आता रविवारच्या त्या मैदानाकडे परत यायला हरकत नाही. एका जातीची तीस-चाळीस कुत्री एकत्र आली, की घरी एकट्याकडे पाहून न कळणाऱ्या गोष्टी कळतात. आपला कुत्रा जातीच्या मानाने बुटका आहे की जाड, भित्रा आहे की आक्रमक, त्याचे मागचे पाय नीट पडतात की नाही, हे शेजारी दुसरे कुत्रे उभे राहिल्यावरच उमगते. एकाच जोडीची पिल्ले चार घरी गेली असतील आणि चौघांनाही तोच त्वचारोग किंवा सांध्याचा विकार असेल, तर ती जोडी पुन्हा लावू नये, हे अशा गप्पांतूनच ठरते. देशी जातींमध्ये कुत्र्यांची संख्या थोडी असते, त्यामुळे जवळच्या नात्यातल्या जोड्या लागण्याचा धोका मोठा असतो. आजोबा-पणजोबांची नावे लिहिलेली एक साधी वही प्रत्येक सहलीत फिरली, तरी हा धोका पुष्कळ कमी होईल.

मात्र सहलीचा बाजार होऊ देऊ नये. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, अठरा महिन्यांपेक्षा लहान किंवा आठ वर्षांपेक्षा मोठ्या कुत्रीपासून पिल्ले घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. मैदानावर टोपलीतून पिल्ले विकायला आणणारा कोणी दिसला, तर त्याला हे नियम विचारावेत.

कारवानीसारख्या धावत्या कुत्र्यांच्या सहलीला आणखी पथ्ये लागतात. मैदानाला कुंपण हवेच. ससा दिसला, की या कुत्र्याला हाक ऐकू येत नाही. वाशीम जिल्ह्यातच कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. अशा परिसरात कुत्रा मोकळा सोडणे म्हणजे काळविटाच्या जिवाशी खेळ आणि कायद्याचा भंग. रेबीजची लस तर हवीच, शिवाय डिस्टेंपर आणि पार्व्हो या संसर्गजन्य रोगांच्या लसीही झालेल्या असाव्यात. माजावर असलेली कुत्री घरीच ठेवावी. धावण्यापूर्वी पोटभर खायला घालू नये. पाणी प्रत्येकाने आपापले आणावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग निववतो. म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात अशी सहल काढूच नये. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम.

याच कारणाने कोणी उत्साहाच्या भरात रामनवमीच्या यात्रेत कुत्री घेऊन पोहरादेवी गाठू नये. चैत्रातले ऊन, नगाऱ्यांचा आवाज आणि लाखोंची गर्दी ही कुत्र्याला शिक्षाच आहे आणि भाविकांच्या श्रद्धास्थानी तो उपद्रवही ठरेल. पोहरादेवीला माणसांनी जावे. संग्रहालय पाहावे, लदेणीची आठवण सांगणारी वयोवृद्ध मंडळी भेटली तर त्यांच्यापाशी बसावे आणि त्यांच्या आजोबांच्या तांड्याबरोबर कसली कुत्री चालत, रंग कोणता, कान कसे, पिल्ले कोणाला देत, हे विचारून लिहून घ्यावे. बंजारा कुत्रा परत येईल, असे वचन कोणीही देऊ शकत नाही. हरवलेला वंश वर्णनावरून पुन्हा घडवता येत नाही. मात्र त्याची आठवण हीसुद्धा एक नोंद आहे आणि ती सांगू शकणारी पिढी आता थकत चालली आहे.

कथेतल्या बंजाऱ्याने चिठ्ठी वाचली, पण काठी चालवल्यानंतर. कारवानी, पश्मी आणि त्यांच्यासारख्या आपल्याकडच्या जातींच्या बाबतीत ती चिठ्ठी अजून वेळेवर वाचता येण्यासारखी आहे. येत्या हिवाळ्यात सतरंजी, डबा आणि कुत्र्याचे पाणी घेऊन सहलीला निघताना सोबत एक वही तेवढी घ्यायला विसरू नये.